हरिपाठ राहून गेला तर देव रुसतो का?

प्रश्न : आम्ही बेला मंडळातले. घरात आजोबांपासून माळ आहे. कार्तिक लागला की पराटीची वेचणी, मग आदिलाबादच्या मार्केट यार्डात गाड्यांची रांग. रात्री हरिपाठाला बसलो तर डोळे मिटतात आणि अंथरुणावर पडलो तर झोप उडते. भाव काय निघेल, हाच घोर. कीर्तनकार सांगतात, भार देवावर टाका. ऐन हंगामात तो टाकायचा कसा? हरिपाठ चुकला तर देव रुसत असेल का?
– एक वाचक, जि. आदिलाबाद

उत्तर : देव रुसत नाही. असा रुसणारा देव कामकरी माणसांनी सातशे वर्षे डोक्यावर घेतलाच नसता. अरणच्या सावता माळ्यांचेच पाहा. त्यांनी १२९५ मध्ये देह ठेवला. मळा सोडून ते कधी पंढरीला गेले नाहीत, अशी परंपरा आहे. भाजीच्या वाफ्यातच त्यांना विठ्ठल दिसला. त्या आठवणीने आजही विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून त्यांच्या गावी येते. जनाबाईंच्या वाट्याला नामदेवांच्या घरचे दळणकांडण, गोरोबांच्या वाट्याला चिखल आणि चाक. रिकामा वेळ यांतल्या कुणाकडेच नव्हता. वेचणीला हात गुंतलेले असतात, तोंड मोकळे असते. पाठ असलेला अभंग शेतात म्हटला तर तो उणा ठरत नाही.

तुमचा खरा त्रास मात्र भावाच्या चिंतेचा आहे, आणि तिथे भाराचे दोन वाटे करावे लागतात. कापसातला ओलावा तुमच्या हातातला आहे. हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळाचा) हिशोब ८ टक्क्यांवर बसतो, त्यापुढे १२ पर्यंत पैसे कापतात, त्याहून ओला माल घेत नाहीत. म्हणून दव सुकल्यावर वेचणे, कापूस उन्हात पसरणे, हे तुम्हीच करायचे. देवावर विश्वास ठेवून कापूस वाळत नाही. आता दुसरा वाटा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले. निर्णय दिल्लीत झाला. बेल्यात रात्रभर जागून तो कुणालाही फिरवता आला नसता. अशा निर्णयाविरुद्ध बोलायचे असेल तर दिवसा बोला, संघटनेत जा, निवेदन द्या. देवावर विसंबणे म्हणजे अन्याय मुकाट सोसणे, असे मला अजिबात वाटत नाही. पण रात्री जे आपल्याने होण्यासारखे नाही, ते त्याच्याकडे सोपवायचे.

हे सोपवणे एका दिवसात जमत नाही. तुकोबांनाही जमले नाही. दुष्काळात बायको आणि मुलगा गेला, वाण्याचा धंदा बुडाला, तेव्हा ते भंडारा डोंगरावर जाऊन बसत आणि पुन्हा देहूला येत. मग वडिलोपार्जित सावकारीची आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे सांगतात. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांचा विश्वास नुसता मनात राहिला नाही. हाताने काहीतरी सोडून द्यावे लागले. तुम्ही निदान संध्याकाळनंतर मोबाइलवर भाव पाहणे सोडा.

आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या मेस्राम कुळाकडे पाहा. हे गोंड शेतकरीही कापूसच पिकवतात. तरी पौषात त्यांची मंडळी अनवाणी चालत गोदावरीचे पाणी आणायला निघतात आणि अमावास्येच्या रात्री इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला नागोबाची महापूजा होते. घरची कामे उरली असली तरी चालणे टळत नाही. आपल्याकडे महिन्याच्या दोन एकादशा आहेत. त्या दिवशी फराळाची यादी थोडी आखूड करून गावातल्या भजनात तासभर बसावे. एकट्याने म्हणताना डोळा लागतो. चार जणांत आपण थकलो तर दुसरा चाल उचलतो. हे मला सगळ्यात मोठ्या आधाराचे वाटते.

एक गोष्ट काळजीने सांगतो. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, कर्जापायी जीव नकोसा वाटत असेल, तर नुसत्या नामावर थांबू नका. १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. आदिलाबादला रिम्स रुग्णालय आहे. डॉक्टरकडे गेल्याने श्रद्धा कमी होत नाही.

हरिपाठाचे सगळे अभंग म्हणायला अर्धा-पाऊण तास लागतो. हंगामात तेवढा हट्ट धरू नका. जेवणानंतर झोप येते, तेव्हा जेवणाआधी बसा, घरातल्या सगळ्यांना घेऊन एकच अभंग म्हणा आणि उठा. पूर्ण हरिपाठ पराटी उपटल्यावर.