बेल्टचं वय मीटरवर दिसत नाही

जुनी गाडी घेताना आपण सगळे साधारण त्याच गोष्टी बघतो. किती किलोमीटर झाली, टायर किती उरलेत, पत्रा कुठे ठोकलाय का, एसी थंड करतो का, विमा कधीपर्यंत आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला हा प्रश्न बहुतेकांच्या मनातच येत नाही, आणि आला तरी ‘बदललाय’ एवढ्या उत्तरावर मिटतो. मला तर बिलही दाखवलं होतं.

गाडी डिझेलची, नऊ वर्षांची, मीटरवर ५२ हजार. मूळ मालक निवृत्त गृहस्थ, त्यामुळे गाडी बहुतेक काळ सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी. एजंटाने फाईल उघडून एका बिलावर बोट ठेवलं. ‘बेल्ट – १ नग’, तारीख आदल्या वर्षाची. तो फॅन बेल्ट होता हे पुढे कळलं. फॅन बेल्ट इंजिनाच्या बाहेर असतो, बॉनेट उघडलं की दिसतो, अल्टरनेटर फिरवतो आणि काहीशे रुपयांत येतो. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो. आमच्या गाडीतला तो कारखान्यातून आला तेव्हाचाच होता. बिल खोटं नव्हतं, पण ते दाखवणाऱ्याला फरक नक्की माहीत होता.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या घाटात तो गेला. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. आधी कुठला दिवा लागला नाही, धूर नाही, गाडीचा जोर कमी झाला नाही. चढावर ‘टक्’ असा एक आवाज आला आणि इंजिन बंद. बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा एकदम लागला, स्टिअरिंग जड झालं. ब्रेक पहिल्यांदा नेहमीसारखा लागला, पाय उचलून पुन्हा दाबला तर पेडल कडक. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एखाद-दोन दाबांपुरताच उरतो. म्हणून असं कुणाच्या वाट्याला आलं, तर ब्रेक सोडून सोडून मारू नका. एकदाच दाबून धरा, गाडी डावीकडे घ्या, हँडब्रेक ओढा, चारही इंडिकेटर लावा आणि माणसं उतरवून कठड्यापलीकडे उभी करा. आमच्या मागचा ट्रकवाला सावध होता.

यानंतरची पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची असतात. मी सेल्फ मारला. एरवी सेल्फला एक ठेका असतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हा तो क्षणभर अडतो आणि पुढे जातो. त्या दिवशी तो अडलाच नाही, नुसता भरभर, हलका फिरत राहिला. एवढ्यात एक टेम्पो थांबला. दोघे उतरले. भली माणसं. म्हणाले, “ताई, रिव्हर्समध्ये टाका, मागे उतारावर सोडतो, क्लच सोडला की चालू होईल.” मी दिराला फोन लावला होता. त्याने आवाज कसा येतोय ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वहिनी, आता किल्लीला हात लावू नका. धक्का तर अजिबात नको. टोचन करूनच आणा.”

त्याचं म्हणणं का बरोबर होतं ते सांगते. पिस्टन वर-खाली करणारा क्रँकशाफ्ट खाली असतो, वॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमची एकच फेरी व्हायला हवी, आणि हा हिशेब दात असलेला रबराचा बेल्ट सांभाळतो. २,५०० आरपीएमला प्रत्येक वॉल्व सेकंदाला साधारण वीस वेळा उघडतो आणि मिटतो. बऱ्याच इंजिनांत, डिझेलमध्ये तर विशेषच, वॉल्व आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट गेला की कॅम जागच्या जागी थांबतो, जे वॉल्व उघडे असतील ते उघडेच राहतात, आणि गाडीच्या वेगाने वर-खाली होणारा पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतो. त्यानंतरचा सेल्फ किंवा धक्का म्हणजे तोच मार पुन्हा. काही इंजिनांत दोघांमध्ये अंतर राखलेलं असतं, तिथे नवा बेल्ट टाकला की गाडी चालू होते. आपली गाडी त्यातली आहे की नाही याची परीक्षा रस्त्यावर घ्यायची नसते.

साताऱ्याच्या गॅरेजमध्ये मेस्त्रींनी वरचं कव्हर काढलं तेव्हा बेल्ट अखंड दिसला. मला वाटलं, वाचलो. त्यांनी तो हाताने फिरवत खालचा भाग वर आणला. तिथले दात मुळापासून सोलून निघाले होते आणि आतले दोरे उघडे पडले होते. हेड खोलल्यावर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराचे खळगे होते, वॉल्वच्या कडांचे. एक वॉल्व काढून त्यांनी टेबलावरच्या काचेवर आडवा ठेवला आणि बोटाने फिरवला. सरळ वॉल्व एकसारखा फिरतो. हा लचकत फिरला. “बघा ताई, डोळ्याला सरळ दिसतोय ना?” असं म्हणत त्यांनी दुसरा ठेवला. तोही तसाच.

बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि मजुरी मिळून आमच्या गाडीला पंधरा हजारांच्या आत खर्च आला असता. हेडच्या कामाला त्याच्या कित्येक पट लागले. विम्यातून काही मिळालं नाही, कारण नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

तर बेल्ट बदलायचा कधी? गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं, आणि जे आधी होईल ते मानायचं असतं. अनेक गाड्यांना ते ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा चार-पाच वर्षं असं सापडेल, काहींना जास्त. लोक किलोमीटर लक्षात ठेवतात, वर्षं विसरतात. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारं होतं, ड्रॉवरमध्ये नुसतं पडून राहिलेलं रबरबँड ताणल्यावर तुटतं तसं. शिवाय ट्रॅफिकमध्ये तासभर इंजिन चालू ठेवून उभं राहिलं तर बेल्ट तासभर फिरतो, मीटर हलत नाही. आणि मीटर मागे फिरवलेलं असेल तर तो आकडा पहिल्यापासूनच निरुपयोगी. ‘कमी चाललेली गाडी’ हे शब्द ऐकून आपल्याला आनंद होतो. बेल्टच्या बाबतीत ते ऐकून आधी आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघावं.

आधी अर्थात गाडीला बेल्ट आहे की चेन ते कळायला हवं, आणि ते मॉडेलच्या नावावरून कळत नाही. पहिल्या आय-टेनच्या १.१ लिटर इंजिनाला बेल्ट, १.२ कप्पाला चेन. जुन्या २.५ डिझेल इनोव्हाला बेल्ट, नंतरच्या क्रिस्टाच्या २.४ डिझेलला चेन. २००५ च्या पेट्रोल स्विफ्टला बेल्ट, पुढच्या १.२ के-सिरीजला चेन. डिझेल डस्टरला बेल्ट आहे, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर डिझेल डस्टर बंद झाली. म्हणजे आज विक्रीला येणाऱ्या प्रत्येक डिझेल डस्टरने पाच वर्षं ओलांडलेली आहेत. तिचा मीटर काहीही सांगो, बेल्टची चौकशी करायलाच हवी.

चौकशी म्हणजे कागद. बिलावर ‘टायमिंग बेल्ट’ किंवा ‘टायमिंग किट’ असे शब्द, पार्ट नंबर, तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर हवेत. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल तर मालकाला सोबत घेऊन तिथला इतिहास काढून घ्या. जुन्या डिझेल इनोव्हासारख्या गाडीत टायमिंग बेल्टचा दिवा असतो, पण तो फक्त किलोमीटर मोजतो आणि बेल्ट न बदलता रीसेटही करता येतो. कव्हर उघडून भेगा दिसतात का बघण्यावरही विसंबू नका. भेगा दिसल्या तर बेल्ट गेलाच. न दिसल्या म्हणून तो चांगला ठरत नाही, आतले दोरे बाहेरून दिसत नाहीत. कव्हरजवळ ऑइल पाझरत असेल किंवा वॉटर पंपाकडे कूलंटचे डाग असतील तर मुदत शिल्लक असली तरी काम काढावं, कारण ऑइल रबर खातं आणि अडकलेला पंप चांगल्या बेल्टलाही तोडतो. ज्या इंजिनात पंप याच बेल्टवर फिरतो तिथे तो बेल्टबरोबरच बदला. मजुरी पुन्हा द्यायची वेळ येत नाही.

काम टाकताना किट बंद खोक्यात आणि बिलासकट घ्या, नकली बेल्ट बाजारात भरपूर आहेत. बेल्ट बसवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवतात का, ते उभं राहून बघा. चांगला मेस्त्री याचा राग मानत नाही. जुना बेल्ट मागून घ्या. तारीख आणि किलोमीटर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, पुढच्या मालकालाही उपयोग होईल.

आणि गाडी विकणाऱ्यांना एक विनंती. बेल्ट बदलला नसेल तर तसं स्पष्ट सांगा. भाव दहा-पंधरा हजारांनी खाली येईल, तेवढा येऊ द्या. घेणारा त्या पैशांत बेल्ट बदलून घेईल आणि घरच्यांना घेऊन घाट चढेल.