हक्काचे पाणी, शुद्ध पाणी



महाडचे चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला.

अमेरिकेतील फ्लिंट शहरात निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय. तेथे नळ घरोघर होते. २०१४ साली खर्च वाचविण्यासाठी शहराला फ्लिंट नदीचे पाणी दिले. नळ झिजू नयेत म्हणून घालावयाचे औषध मात्र घातले नाही. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले, मुलांच्या रक्तात गेले. लोक ओरडत होते. अधिकारी म्हणत, पाणी चांगले आहे. पुढे २०१७ मध्ये राज्याच्या नागरी हक्क आयोगानेच यामागे मुरलेला वर्णभेद असल्याचे नमूद केले.

आपल्या पिंपरी-चिंचवडला पवनेचे पाणी मिळते. २०१९ साली ते दिवसाआड झाले. ज्याच्या घरी टाकी, त्याला झळ कमी; झोपडीत मात्र हंडेच टाकी.

तेव्हा पाणी गढूळ आले तर तारीख लिहून अर्ज द्या, पोच घ्या, तपासणीचा अहवाल मागा. शिसे डोळ्यांस दिसत नाही, उकळूनही जात नाही. नळ दारात आला म्हणजे महाडचा लढा संपला, असे समजू नका.