बिनतारी जोडणीतील बिघाड : शोधण्याची रीत

खेड्यातील शाळेत संगणक आला, त्यास आता बराच काळ लोटला. शालेय नोंदी, युडायस प्लसची माहिती, २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या व्यासपीठावरील पाठ, ही कामे आज संगणकाच्या साहाय्याने होतात, व त्यासाठी इंटरनेटची जोडणी लागते. पुष्कळ शाळांत ही जोडणी मेजावरील संगणकापर्यंत तारेने न येता वायफायने, म्हणजे बिनतारी लहरींच्या द्वारे येते. ती खंडित झाली म्हणजे काम अडते हे खरेच. परंतु त्याहून मोठी हानी निराळी असते. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक यंत्रापुढे अडकून पडला, की दोन-तीन इयत्ता शिक्षकावाचून राहतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये पहिली ते पाचवीच्या वर्गांस वर्षाकाठी किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन मिळावयास हवे. यंत्राशी झटापट करण्यात गेलेला शालेय वेळेतील प्रत्येक तास या ८०० तासांतून वजा होतो. सबब बिघाड शोधण्याची निश्चित रीत शिक्षकास अवगत असणे इष्ट होय.

१. शेजारणीचा प्रश्न

नळ कोरडा पडला म्हणजे गृहिणी नळ उकलीत बसत नाही. ती प्रथम शेजारणीस विचारते, “तुमच्याकडे पाणी आलंय का?” शेजारीही पाणी नसेल, तर दोष टाकीकडे किंवा मोठ्या नळाकडे आहे, शेजारी पाणी असेल, तर दोष आपल्याच घरात आहे. एका प्रश्नाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. बिनतारी जोडणीची परीक्षाही याच रीतीने करावी.

येथे शेजारीण म्हणजे शिक्षकाजवळील मोबाईल. तो शाळेच्या त्याच वायफायला जोडावा व एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. मात्र त्यापूर्वी मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करण्यास विसरू नये. अन्यथा वायफाय मृत असूनही मोबाईल आपल्या कंपनीच्या जाळ्यातून संकेतस्थळ उघडील व शिक्षकाची फसगत होईल. ही परीक्षा न केल्यामुळे, दोष राउटरमध्ये असता संगणकाची पेटी मोटारसायकलवर बांधून तालुक्याच्या गावी नेण्याचा प्रसंग येतो. दिवस जातो, खर्च होतो आणि पेटी निर्दोष म्हणून परत येते.

२. मोबाईलवरही संकेतस्थळ उघडत नसेल तर

अशा वेळी संगणकास हात लावू नये. दोष राउटरमध्ये अथवा त्याच्या पलीकडे आहे. प्रथम राउटरचे दिवे पाहावेत. एकही दिवा नसेल तर वीज, बटण व अडॅप्टर तपासावा. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट राउटरवरील आकड्याशी जुळतात की नाही, हे अवश्य पाहावे. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा अडॅप्टर चुकून जोडला गेल्यास दिवे लागूनही राउटर वारंवार बंद पडू शकतो.

जेथे प्रकाशतंतूची, म्हणजे फायबरची जोडणी आहे, तेथे तंतू ज्या पेटीत येतो तिच्यावर बहुधा ‘पॉन’ व ‘लॉस’ अशा नावांचे दिवे असतात. ‘पॉन’ हिरवा व स्थिर असणे हे सुचिन्ह होय. ‘लॉस’ तांबडा झाला तर तंतूतून प्रकाश येत नाही असे समजावे. तो रस्त्याच्या खोदकामात तुटला असेल किंवा पेटीमागे अति वाकला असेल. तुटलेल्या तंतूच्या टोकाशी डोळा नेऊन पाहू नये, कारण त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, परंतु अपाय करू शकतो. हा दोष शाळेत दुरुस्त होणारा नव्हे. सेवा पुरविणाऱ्यास तो त्वरित कळवावा व शिक्षकाने वर्गावर जावे.

दिवे यथास्थित असूनही इंटरनेट नसेल, तर राउटरची वीज बंद करून अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा चालू करावी आणि तीन मिनिटे वाट पाहावी. पुष्कळ तक्रारी एवढ्यानेच मिटतात. राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी मात्र घालू नये. त्यातील कळ दाबली असता सर्व मांडणी पुसली जाते व किरकोळ दोषाचा मोठा दोष होतो.

३. मोबाईलवर उघडते, पण संगणकावर नाही

आता दोष संगणकाच्या बाजूस आहे हे निश्चित झाले. येथे पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

(अ) ग्राहक यंत्र. लॅपटॉपमध्ये वायफायचे ग्राहक यंत्र आतच असते. मेजावरील अनेक संगणकांत ते नसते. तेथे नखाएवढे किंवा बोटाएवढे डोंगल यूएसबीच्या खाचेत बसवलेले असते. साफसफाईच्या वेळी ते सैल होते. ते काढून दुसऱ्या खाचेत बसवावे. पेटीच्या मागील खाचेत असेल तर पुढे आणावे, कारण संगणकाची पेटी लोखंडी पत्र्याची असते व ती लहरींना आड येते. यूएसबीची लहान वाढीव तार वापरून डोंगल मेजावर मोकळे ठेवणे सर्वांत उत्तम.

(आ) नाव व पासवर्ड. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हावर टिचकी मारून विमान मोड चुकून चालू झाला नाही ना, ते पाहावे. यादीत शाळेच्या वायफायचे नाव दिसते का, ते पाहावे. नाव मोबाईलवर दिसते पण संगणकावर दिसत नाही, असे झाल्यास पट्ट्याचा विचार करावा. राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत लहरी सोडू शकतो. जुन्या डोंगलला पुष्कळदा पहिलाच पट्टा कळतो. म्हणून राउटरमध्ये २.४ चा पट्टा चालू ठेवावा. पासवर्ड नाकारला गेल्यास मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली नाही ना, हे तपासावे.

(इ) पत्ता. जोडणी झाल्यावर राउटर प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता देतो. वायफायच्या माहितीत हा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर संगणकास राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे. अशा वेळी ते नाव यादीतून विसरावयास लावून पासवर्ड पुन्हा देऊन जोडावे.

(ई) दिनांक. हे कारण सर्वांत सोपे असून सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. संगणकाच्या आत ३ व्होल्टचा बटणासारखा एक सेल असतो. वीज गेली तरी घड्याळ चालू राहावे, हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो. मग वीज जाऊन आली की संगणकाचा दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. सुरक्षित संकेतस्थळे आपले प्रमाणपत्र दिनांकाशी ताडून पाहावयास लावतात. दिनांक चुकीचा असता ती उघडत नाहीत व ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. वायफाय निर्दोष असते. चुकलेले असते ते घड्याळ. दिनांक दुरुस्त करावा व सेल बदलून घ्यावा.

एवढे करूनही यश न आल्यास, ‘नेटवर्क रिसेट’ हा उपाय शेवटी करावा, कारण त्याने जपून ठेवलेले सर्व पासवर्ड पुसले जातात. तोवर निकडीच्या कामासाठी मोबाईल यूएसबीच्या तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकास देता येते.

४. राउटरची जागा

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित अधिक असते. ती विटेच्या भिंतीतून काहीशी क्षीण होऊन पलीकडे जाते. जाड दगडी भिंतीत अधिक क्षीण होते. धातूच्या पत्र्यावरून परतते. म्हणून राउटर लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवणे म्हणजे दिवा लावून त्यावर हंडा पालथा घालणे होय. चोरीचे भय असल्यास तो भिंतीवर उंच, जाळीदार लाकडी खोक्यात ठेवावा. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखाली उष्मा फार होतो. तेथे राउटर छताला भिडवू नये. मेघगर्जना सुरू होताच राउटर व संगणक यांची वीज काढून ठेवावी.

आणखी एक विचार सुचवावासा वाटतो. मेजावरील संगणक जागचा हलत नाही. राउटर त्याच खोलीत अथवा शेजारच्या खोलीत असेल, तर त्यास बिनतारी जोडणीची गरज काय? जाळ्याची साधी तार १०० मीटरपर्यंत चालते व तिला भिंतीचा वा कपाटाचा अडथळा होत नाही. जेथे शक्य असेल तेथे तार हाच कायमचा उपाय समजावा.

५. वर्गपाठ : लहर कोठे अडते?

बिघाडाच्या निमित्ताने सहावी-सातवीस विज्ञानाचा एक चांगला पाठ देता येतो.

साहित्य : दोन मोबाईल, पत्र्याची पेटी, पुठ्ठ्याचे खोके, ओले गोणपाट.

कृती : एका मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करावा व दुसरा मोबाईल पंधरा पावलांवर धरून सिग्नलच्या रेघा मोजाव्यात. नंतर पहिला मोबाईल अनुक्रमे खोक्यात, गोणपाटाआड (मोबाईल भिजू न देता) व बंद पेटीत ठेवून प्रत्येक वेळी रेघा फळ्यावर लिहाव्यात. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. अंतर तेच ठेवावे.

अनुमान मुलांनीच काढावे. पेटीतूनही थोडा सिग्नल आलाच, तर तो झाकणाच्या फटीतून आला का, असा प्रश्न त्यांना विचारावा. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात अशाच अदृश्य लहरी सोडून दूरवरची घंटा वाजवून दाखविली होती, ही हकीकत पाठाच्या शेवटी सांगावी.

६. नोंदवही

संगणकाशेजारी एक वही ठेवावी. तीत दिनांक, आढळलेले लक्षण, केलेला एक बदल व त्याचा परिणाम, अशा चार रकान्यांत नोंद करावी. एकदम चार बदल केले व जोडणी सुरू झाली, तर कोणत्या बदलाने ती सुरू झाली हे कळत नाही, आणि पुढील वेळी शोध पुन्हा आरंभापासून करावा लागतो. वायफायचे नाव, राउटरचा अनुक्रमांक व सेवा पुरविणाऱ्याचा तक्रार क्रमांक पहिल्या पानावर लिहावा. पासवर्ड वहीत न लिहिता मुख्याध्यापकांकडे वेगळा जपावा. शिक्षकाची बदली होते, वही शाळेत राहते. नव्याने येणाऱ्यास ती मार्गदर्शक ठरते.

या सर्व कृतीस वीस मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये, आणि तोही शक्यतो मधल्या सुटीत अथवा शाळा सुटल्यावर द्यावा. तेवढ्यात दोष न सापडल्यास ‘नेट चालत नाही’ एवढेच न कळविता, मोबाईलवर चालते की नाही, कोणते दिवे लागतात व काय करून पाहिले, हे वहीतून वाचून दाखवावे. नेमकी तक्रार ही निम्मी दुरुस्ती होय. त्यानंतर यंत्र यंत्रज्ञावर सोपवावे. माहिती उद्याही भरता येईल. आज वर्गात बसलेल्या मुलांचा तास मात्र उद्या परत येत नाही.