पुळणीवरचा पाहुणा

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की घाटावरच्या शहरांतून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. पिशव्या, चटया, पाण्याच्या बाटल्या यांच्या गर्दीतून एखाद्या गाडीच्या खिडकीबाहेर एक काळे, ओलसर नाक आलेले दिसते. घरचा कुत्राही या प्रवासाला निघालेला असतो. पूर्वी त्याला शेजाऱ्यांच्या हवाली करून मंडळी गावाला जात, आणि तो बिचारा अन्नाकडे पाठ फिरवून दाराशी बसून राही. त्याला बरोबर नेणे हे प्रेमाचेच लक्षण होय. परंतु समुद्र त्याने कधी पाहिलेला नसतो, आणि समुद्रकाठच्या जीवांनीही त्याला पाहिलेले नसते. तेथे तो पाहुणा असतो. पाहुण्याला कोठे न्यावे, केव्हा न्यावे, आणि कोठे मुळीच नेऊ नये, हे नेणाऱ्यानेच आधी जाणून घेतले पाहिजे.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न पाट्या लावून सोडवलेला आहे. तेथील पुष्कळ किनाऱ्यांवर साधारणपणे मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत कुत्र्यांना मज्जाव असतो. काही ठिकाणी केवळ सकाळी व सायंकाळी मुभा असते, तर काही किनारे त्यांना बारा महिने मोकळे असतात. आपल्या कोकणातील पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, अशी पाटी क्वचितच आढळते. पाटी नाही म्हणून नियमही नाही, असे मात्र नव्हे. येथील नियम ऊन, भरती-ओहोटी आणि गावची माणसे यांच्याकडून समजून घ्यावे लागतात.

प्रथम उन्हाचा विचार करू. माणसाला उकडू लागले, की त्याच्या सर्वांगाला घाम फुटतो आणि घाम वाळताना अंग थंड होते. कुत्र्याला ही सोय नाही. त्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांपुरत्या असतात. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो; जिभेवरील व तोंडातील ओलावा वाफ होऊन गेला, म्हणजे त्याला गारवा मिळतो. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले, तर त्याच्या जिवावर बेतते. चपट्या नाकाच्या जातींना नीट धापही टाकता येत नाही. त्यांचे हाल तर अधिकच होतात. आणि मे महिन्यातील दुपारी कोरडी वाळू किती तापते, हे अनवाणी चाललेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. मुलगा ओरडत सावलीकडे पळतो. कुत्रा मात्र धन्याच्या मागून मुकाट्याने चालत राहतो, आणि त्याचे तळवे भाजल्याचे संध्याकाळी तो लंगडू लागल्यावर कळते. यास एक सोपी परीक्षा आहे. हाताची मागची बाजू वाळूवर टेकवून सावकाश सात अंक मोजावेत. तेवढा वेळ हात ठेववला नाही, तर ती वाळू कुत्र्याच्या पायांसाठी नव्हे.

मग त्याने चालावे तरी कोठे? ओहोटीचे पाणी मागे सरले, की त्याखालून जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, ती कुत्र्याची खरी जागा. ती तापत नाही, पाय रुतत नाहीत, आणि दुसऱ्या कोणाच्या घरावर पाय पडण्याची भीतीही तेथे कमी असते. पण ही जागा दिवसभर उघडी राहत नाही. समुद्र ती दिवसातून दोनदा देतो आणि दोनदा परत घेतो. शिवाय दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा.

कोकणातील जुनी माणसे घड्याळ न पाहता भरतीची वेळ सांगतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावयाची, की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला व अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मध्यान्हीच्या व मध्यरात्रीच्या जवळपास. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने पूर्ण ओहोटी होते. हा हिशेब ढोबळ आहे. गावागणिक त्यात थोडाफार फरक पडतो. तरी सहलीची आखणी करण्यास तो पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्योदयाच्या सुमारास पाणी दूर गेलेले असते. उधाणाचे दिवस असल्यामुळे ते नेहमीपेक्षा अधिक दूर जाते आणि गार, ओल्या वाळूचे विस्तीर्ण मैदान पुढ्यात पसरते. कुत्र्याला घेऊन फिरण्यास याहून चांगली सकाळ नाही. अष्टमीच्या सुमारास याच्या उलट प्रकार होतो. सकाळ-संध्याकाळ भरती असते, आणि ओली वाळू उघडी पडते ती नेमकी भर दुपारी. तेव्हा फिरण्याचा हट्ट न धरलेला बरा.

पाण्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तहानलेला कुत्रा समुद्राचे पाणी चाटतो. त्या खारट पाण्याने तहान भागत नाही, उलट वाढते; उलट्या व जुलाब होतात, आणि फार पाणी पोटात गेल्यास जीव धोक्यात येतो. म्हणून त्याच्यासाठी गोडे पाणी व एक वाटी जवळ बाळगावी, आणि घरी परतल्यावर विहिरीच्या पाण्याने त्याचे अंग धुऊन कान कोरडे करावेत. खाडीच्या मुखाशी तर त्याला पोहू देऊच नये. ओहोटी लागली असता तेथील ओढ माणसालाही आवरत नाही. आणखी एक दक्षता अशी, की वाळूवर पडलेले मेलेले मासे त्याला हुंगू देऊ नयेत. कोळी लोक केंड नावाचा मासा जाळ्यातून काढून टाकून देतात. फुगून चेंडूसारखा होणारा हा मासा विषारी असतो. कोळ्यांना ते ठाऊक असते. शहरातील कुत्र्याला कसे ठाऊक असणार?

आता जागांकडे वळू. गुहागरची पुळण लांबच लांब आहे. दापोली तालुक्यातील मुरूड व कर्दे येथील पुळणीही ऐसपैस आहेत. भल्या पहाटे अशा ठिकाणी कुत्र्याला गळ्यातल्या दोरीसह मनसोक्त चालता येते. मात्र कित्येक किनाऱ्यांवर वाळूतून मोटारी पळवण्याची एक अनिष्ट हौस अलीकडे बोकाळली आहे. ती जेथे दिसेल, तेथून मुलांनी व कुत्र्यांनी दूरच राहावे. मुरूडहून जवळच असलेल्या हर्णैला माशांचा मोठा लिलाव होतो. होड्या, टोपल्या आणि माणसे यांच्या त्या गर्दीत परक्या कुत्र्याने शिरणे कोणालाच सोयीचे नाही. जेथे सुकट वाळत घातली असेल, किंवा सिंधुदुर्गात जेथे गावकरी मिळून रापण ओढत असतील, तेथेही हाच न्याय. ते कोणाच्या तरी पोटापाण्याचे साधन आहे. मुंबईच्या गिरगाव व जुहू येथील गर्दीविषयी तर सांगावयासच नको. गावातील कुत्र्यांचाही आपापल्या पुळणीवर हक्क असतो, आणि ते तो मोठ्याने बजावतात. रेबीजची लस टोचल्यावाचून पाळीव कुत्र्याला प्रवासाला नेऊच नये.

याच किनाऱ्यावर अशी काही गावे आहेत, की जेथील पुळणीवर कुत्र्याला अजिबात न नेणे हेच शहाणपणाचे ठरते. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून त्याची जुनी ओळख आहे. परंतु आज हे गाव ओळखले जाते ते समुद्री कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्रीच्या वेळी भरतीच्या पाण्याबरोबर किनाऱ्याला लागतात. चाळीस किलोंच्या आसपास वजनाचे ते अंग वाळूवरून ओढत, भरतीची रेषा ओलांडून त्या वर येतात आणि मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे हातभर खोल खड्डा उकरतात. त्यात शंभराच्या आसपास पांढरी, गोल अंडी घालून वाळू लोटतात, वरची जागा अंगाने थोपटून सारखी करतात, आणि समुद्रात निघून जातात. अंड्यांकडे पाहण्यास त्या पुन्हा कधीही येत नाहीत. पुढचे सुमारे पन्नास दिवस ती अंडी वाळूची ऊबच सांभाळते. त्या ऊबेवरच नर जन्मणार की मादी, हे ठरते. वाळू अधिक उबदार असेल, तर माद्या अधिक निपजतात.

हे घरटे बहुधा कोठे असते? पुळणीच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची एक वेल वाळूवर पसरलेली असते. तिला मर्यादवेल म्हणतात. भरतीच्या पाण्याची मर्यादा जेथे संपते, तेथे ती वाढते. म्हणून हे नाव. या वेलीच्या आसपासची कोरडी वाळू वरून अगदी निर्जन दिसते. माणसाच्या डोळ्यांना तेथे काहीच दिसत नाही. कुत्र्याच्या नाकापासून मात्र काहीही लपत नाही. तो वास घेतो, दोन्ही पंजांनी उकरू लागतो, आणि पाहता पाहता शंभर जीव जन्मापूर्वीच संपतात. त्यात दुष्टपणा नसतो. उकरणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि घरी अंगणात तो उकरतो तेव्हा त्याचे कौतुकच होत असते.

कासवांची अंडी एके काळी माणसेही खाण्यासाठी व विकण्यासाठी नेत असत. २००२ साली चिपळूण येथील सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने वेळासला संरक्षणाचे काम हाती घेतले. गावकऱ्यांची मने वळली, वनविभागाचे साहाय्य मिळाले. रात्री व पहाटे पुळणीवर फिरून मादीच्या पावलांचे माग शोधावयाचे, अंडी हलक्या हातांनी काढून कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात पुरावयाची, आणि कुत्री, कोल्हे व रानडुकरे यांच्यापासून ती राखावयाची, असे हे काम. हीच रीत पुढे आंजर्ले व इतर गावांनी उचलली. गोव्यात मोरजी, आगोंद व गालजीबाग येथील पुळणींवरही कासवे येतात. उशिरा घातलेल्या अंड्यांतून पिल्ले निघता निघता उन्हाळा लागतो, आणि नेमके त्याच वेळी सुट्टीचे प्रवासी किनाऱ्यावर येऊ लागतात.

मग कुत्रा हा किनाऱ्यावरील जीवांचा वैरीच म्हणावयाचा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या नाकाने तो घरटे शोधतो, त्याच नाकाने तो चोरही ओळखतो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात, व्हिक्टोरिया राज्यात, वॉर्नमबूल नावाचे शहर आहे. त्याच्या किनाऱ्यालगत मिडल आयलंड हे लहानसे खडकाळ बेट आहे. जेमतेम फूटभर उंचीचे, जगातील सर्वांत लहान जातीचे पेंग्विन तेथे बिळांतून अंडी घालतात. पूर्वी ते शेकड्यांनी होते. परंतु ओहोटीच्या वेळी बेटाभोवतीचे पाणी उथळ होते, आणि ते ओलांडून कोल्हे बेटावर जाऊ लागले. २००५ च्या सुमारास दहासुद्धा पेंग्विन उरले नाहीत. तेव्हा एका शेतकऱ्याचा अनुभव उपयोगी पडला. त्याच्या कोंबड्यांची राखण मरेम्मा जातीचे कुत्रे करीत. हे मोठे, पांढरे, केसाळ कुत्रे मूळचे इटलीतील असून तेथे ते मेंढरांचे कळप राखतात. लहानपणापासून ज्यांच्या सहवासात वाढवावे, त्यांना ते आपलेच कुटुंब समजतात. २००६ साली असे कुत्रे मिडल आयलंडवर नेण्यात आले. पेंग्विनांच्या वासाची व सहवासाची त्यांना सवय केली गेली. कुत्र्यांचा वास आणि भुंकणे यांमुळे कोल्हे बेटाकडे फिरकेनासे झाले, आणि काही वर्षांत पेंग्विनांची संख्या पुन्हा शंभरावर गेली.

ही हकीकत येथेच थांबत नाही. २०१७ साली समुद्र खवळल्यामुळे कुत्र्यांना काही दिवस बेटावर नेता आले नाही. तेवढ्या अवधीत कोल्ह्यांनी डाव साधला आणि शंभराहून अधिक पेंग्विन मारले. पहारेकऱ्याची किंमत इतक्या कठोरपणे क्वचितच कोणाला कळली असेल.

मरेम्मा कुत्र्याला पिढ्यान्‌पिढ्या राखणीचे वळण लागलेले असते. शहरातील घरच्या कुत्र्याला ते नसते, आणि आठ दिवसांच्या सुट्टीत ते लावताही येत नाही. म्हणून वेळाससारख्या गावी उतरलेल्या कुटुंबाने ज्यांच्या घरी मुक्काम केला, त्यांना पहिल्याच दिवशी विचारावे, की कुत्र्याला कोठवर नेता येईल. ते पुळणीपासून दूरची एखादी वाट दाखवतात. आमराईतील, नाही तर खाडीच्या बाजूची.

पिल्ले सोडण्याच्या वेळी तर कुत्र्याला पडवीतील खांबालाच बांधून ठेवतात. मंडळी किनाऱ्यावर निघाली, की तो भुंकतो, दोरीला हिसके देतो, मग पाण्याच्या वाटीशेजारी पंजांवर तोंड टेकून पडून राहतो. तिकडे पुळणीवर आखलेल्या रेषेमागे मुले श्वास रोखून उभी असतात. टोपलीतून ओल्या वाळूवर ठेवलेली, तळहातावर मावतील एवढी काळसर पिल्ले क्षणभर थबकतात, मग चारही वल्ही हलवीत उजेडाच्या व लाटांच्या दिशेने निघतात. एखादे उलट्या बाजूला वळते, पुन्हा सावरते. पहिली लाट त्यांना मागे लोटते, दुसरी उचलून नेते. त्यांतील हजारांमागे एखादेच मोठे होते, असा अंदाज आहे. ऊन चढू लागते तशी मंडळी घरी परततात. पडवीतील कुत्रा ताडकन उठतो, आणि मुलांच्या पायांना चिकटलेली ओली वाळू पुन्हा पुन्हा हुंगत राहतो.