सुतळी, भिंत आणि २८ मिमी

१. जुनी लेन्स आधी बोटांना कळते. निकॉनची २८ मिमी एफ २.८ एआय-एस, हाताने फोकस करायची. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वजनाने फिरली, तिथेच निम्मं मन बसलं. मग मागून टॉर्च लावून काचेत पाहिलं. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. हिच्यात नुसती धूळ होती. तेवढ्या धुळीने फोटो बिघडत नाही.

२. फोटोच्या डाव्या कोपऱ्याचा निकाल मी फार लवकर दिला. आधी रविवारी पहाटे विश्रामबागवाड्यासमोर उभा राहिलो. १८०७ सालचं ते कोरीवकाम बघत राहावं असं. पण सज्जा पुढे, भिंत मागे, त्यामुळे पुसट काय आणि का, ते उमगेना. म्हणून आमच्या बोळातल्या जुन्या वाड्याची सपाट विटांची भिंत घेतली. एफ २.८ वर फोटो काढून पडद्यावर मोठा केला, तर डावीकडच्या विटा पुसट. आतली काच सरकली आहे, असं मी घरी सांगूनही टाकलं. मग कॅमेरा उलटा धरून तोच फोटो पुन्हा काढला. दोष लेन्सचा असता तर पुसटपणा भिंतीच्या उजवीकडे गेला असता. तो डावीकडेच राहिला. सुतळीने कॅमेऱ्यापासून भिंतीच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजलं. वीतभर फरक निघाला. कॅमेराच तिरका होता. तो सरळ केल्यावर दोन्ही कोपरे सारखे आले: २.८ वर जरा मऊ, ५.६ वर विटांमधला चुना दिसावा इतके स्वच्छ.

३. कॅमेऱ्याचं तोंड वर केलं की वाडे मागे कलतात. बोळात मागे सरायला जागा नाही. समोरच्या काकूंना विचारून त्यांच्या जिन्यावर चढलो, तेव्हा खांब सरळ आले.

४. विसर्जनाच्या मिरवणुकीत ऑटोफोकसची आठवणही झाली नाही. अ‍ॅपर्चर एफ ८, रिंग तीन मीटरच्या थोडी पुढे. पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. हे गणित लेन्सवरच्या रेघांत लिहिलेलं असतं. त्या वाचायला मी उशिरा शिकलो. ढोलावर टिपरू पडताना ताणलेलं मनगट आणि मागची गर्दी, दोन्ही एकाच फोटोत आली.

५. बोळातला तो वाडा आता पाडला. कोपरे तपासायला काढलेले चाळीस फोटो तेवढे माझ्याजवळ आहेत, वीट न् वीट मोजता येईल असे. तुमच्या बोळात अशी भिंत उभी असेल, तर लेन्स तिच्यावरच तपासा, आणि ते फोटो पुसू नका.