चक्की शेवटी घ्या

हळदीची पावडर करून विकायचं मनात घेतलेली तरुण मंडळी माझ्याकडे येतात. वसमतची असोत, कळमनुरीची असोत की औंढ्याकडची, पहिला प्रश्न एकच: "काका, चक्की कितीला बसते?" मी भाव सांगत नाही. उलट विचारतो, "माल दिल्यावर तीन महिने पैसे आले नाहीत, तर घर कशावर चालवशील?" काही जण त्यावर चहा अर्धा टाकून उठतात.

त्यांची चूक नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद जिकडेतिकडे दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवारात हळद शिजवणाऱ्या कुकरची वाफ, खळ्यावर वाळत घातलेली हळकुंडं, हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटसमोर गाड्यांची रांग. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही (जीआय) मिळालं. मग वाटतं, कच्चा माल दारात आहे, फक्त दळायचं बाकी. पण दळणारा सुटतो तो किलोमागच्या दळणावर. पाकीट विकणारा तरतो किंवा बुडतो तो खरेदीवर आणि उधारीवर. यंत्राचा त्यात वाटा फार थोडा.

म्हणून सुरुवातीला दुसऱ्याच्या चक्कीवर दळून घ्या. एखादं हंगामी वर्ष तरी. फक्त एक बघा, त्या चक्कीवर मिरचीही दळतात का. दळत असतील तर आधी सांगून सफाई करून घ्या आणि पहिली काही किलो पावडर बाजूला काढा, नाहीतर दुधात घातलेली तुमची हळद गिऱ्हाइकाच्या घशाला झोंबेल. दळणाचे पैसे जास्त जातात म्हणून जीव खालीवर होतो, मान्य. पण विक्री जमली नाही तर तुमच्या डोक्यावर हप्ता नसतो. स्वतःची चक्की म्हणजे शेड, थ्री फेजचा वीजजोड, माणूस आणि दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बँक. विक्रीची तारीख मात्र ठरलेली नसते.

विकायला आधी आपलीच गर्दी वापरा. दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावरची प्रदर्शनी, महाशिवरात्रीला औंढा नागनाथ, नर्सी नामदेवची यात्रा. तिथे रोखीने विकलं जातं आणि मुख्य म्हणजे माणूस समोरासमोर बोलतो. "रंग फिका आहे हो" हे मी तिथे इतक्यांदा ऐकलं की शेवटी उत्तर पाठ झालं. पिवळाधमक रंग म्हणजे चांगली हळद, असं गिऱ्हाईकच नव्हे तर नवा खरेदीदारही समजतो. पॉलिशच्या वेळी रंग चढवलेलं हळकुंड उन्हात फार देखणं दिसतं. लेड क्रोमेट हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. त्यात शिसं असतं, आणि पाकिटावर नाव तुमचं असतं, शेतकऱ्याचं किंवा अडत्याचं नाही. शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशचा माल घ्या, मोडून आतला रंग बघा, आणि मोठ्या खरेदीआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

आता भावाचं. 2023 च्या उन्हाळ्यात क्विंटलला सात हजारांच्या आसपास फिरणारी हळद पावसाळ्यात दुपटीवर गेली. त्या वर्षी मी पुण्याच्या एका दुकानदाराला दिवाळीपर्यंत एकाच भावात पावडर द्यायचं कबूल केलं होतं. हळकुंड मात्र लागेल तसं घेत होतो. पुढचं सांगायला नको. त्यानंतर मी भाव फक्त घरात आलेल्या मालापुरता देतो, आणि कागदावर "हा दर 15 दिवस" असं लिहितो. लोक नाराज होतात, पण सोडून जात नाहीत. काही जण यावर उपाय म्हणून वर्षभराचा माल हंगामातच भरून ठेवायला निघतात. तेही नको. भाव उतरला तर अडकलात, ओल राहिली तर बुरशी, पोत्यात भुंगा लागला तर भुगा. शिवाय तो सगळा पैसा कर्जाचा असेल तर भाव वाढूनही नफा व्याजात जातो. व्यापाऱ्याचा धंदा वेगळा आणि आपला वेगळा, हे हळद मार्केटमध्ये लिलावाचं बीट चालू असताना विसरायला होतं.

हिशोब एकदा कागदावर करून बघा. धरा, हळकुंड 140 रुपये किलो. शंभर किलो घेतलं, निवडून-दळून पाच किलो घट आली, तर पावडर 95 किलो, म्हणजे किलोला 147 रुपये. दळण-सफाई 10, पाकीट आणि स्टिकर 12, वाहतूक 5: झाले 174. पाकिटावर किंमत किलोमागे 280 छापली, दुकानदाराने 20 टक्के ठेवले की तुमच्या हाती 224. नोंदणी असेल तर त्यात 5 टक्के जीएसटी आलाच, तो वजा करता साधारण 213. उरले 39. त्यातून गाडीचं पेट्रोल, परत आलेली फाटकी पाकिटं, नमुने, व्याज आणि तुमची स्वतःची मजुरी. ही शेवटची कुणी धरतच नाही. घरच्या बायका रात्री बसून पाकिटं भरतात, तीही मजुरीच आहे, वहीत लिहा.

कागदपत्रांची भीती नको, पण दलालाचीही गरज नको. उद्यम नोंदणी आधार-पॅनवर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्या पाकिटाआधी घ्या. मी सुरू केलं तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी चालायची आणि वर्षाची फी 100 रुपये होती. आत्ताची मर्यादा पोर्टलवर बघून घ्या. तेलंगणात माल पाठवायचा विचार असेल तर जीएसटीचं आधी सीएला विचारा, राज्याबाहेर गेलं की नियम बदलतो. वसमत हळदीचा जीआय शिक्का आपल्या मनाने छापायचा नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

नावाचंही तसंच. आपल्याकडे निम्म्या पाट्यांवर नागनाथ नाहीतर नामदेव. श्रद्धा म्हणून उत्तम, पण असं नाव ट्रेडमार्कमध्ये आपल्या एकट्याचं करून घेणं अवघड. वेगळं नाव काढा, आधीच कुणी घेतलंय का ते तपासा, मग अर्ज करा. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 4,500 रुपये आहे. आणि रंगीत छापील पाउचच्या नादी लगेच लागू नका. प्रत्येक रंगाच्या छपाई सिलिंडरचे पैसे वेगळे, ऑर्डर मोठी, आणि किंमत, पत्ता किंवा नंबर बदलला की उरलेला गठ्ठा रद्दी. कोरं पाउच आणि स्टिकर वर्षभर पुरतं.

वर्षभर विकून झालं, तीच गिऱ्हाइकं परत येऊ लागली, दळणाचं बिल हप्त्याएवढं होऊ लागलं, की मग चक्की. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पंतप्रधान योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान असतं, योजना आत्ता चालू आहे का तेवढं आधी विचारा. पण ते तुमच्या हातात येत नाही. कर्ज आधी मंजूर व्हावं लागतं, तुमचा किमान 10 टक्के वाटा घालावा लागतो, आणि अनुदान बँकेत वेगळं ठेवून तीन वर्षांनी कर्जात वळतं केलं जातं. ते आलं की हळकुंड घेऊ, असा हिशोब करणारे मी बुडताना पाहिलेत. यंत्राच्या कर्जासोबत खेळत्या भांडवलाचंही त्याच दिवशी बोला, नंतर साहेब बदलतात. हप्ता सुरू व्हायच्या आधी काही महिन्यांची सवलत मागा.

उधारी शेवटी सांगतो, कारण ती टळत नाही. हिंगोलीत असो की पुण्यात, दुकानदार पहिला माल उधारच मागणार. मी पहिल्या खेपेचे पैसे आल्याशिवाय दुसरी खेप देत नाही, मग तो मामाच्या गावचा का असेना. उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी असेल तर कायद्याने 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, आणि उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याज. एप्रिल 2024 पासून वेळेत न दिलेली आणि मार्चअखेरही बाकी असलेली रक्कम घेणाऱ्याला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे त्याच्या सीएला ठाऊक असतं, त्यामुळे मार्च जवळ आला की काही जुनी बिलं आपोआप सुटतात. पण त्यासाठी बिल पाहिजे. चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सअॅपवर "20 किलो पाठवले" एवढंच लिहिलं असेल तर कुणाकडे दाद मागणार? बिलबुकावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापून घ्या, आणि माल उतरवताना घेणाऱ्याची सही घ्या, ओळखीचा असला तरी.