पहिल्या तासातील माणसे : आपत्तीकाळासाठी स्वयंसेवकांचे प्रशिक्षण

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. बाहेरची पथके येईपर्यंत ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनी, मिळेल त्या अवजारांनी. मोठ्या आपत्तीत बहुधा असेच घडते. रुग्णालयाची सज्जता म्हणजे केवळ खाटा व औषधांचा साठा नव्हे. हे शेजारीही तयार असले पाहिजेत, या जाणिवेतून आम्ही स्वयंसेवकांचे वर्ग घेतो.

पहिल्याच रंगीत तालमीत आमची चूक आमच्या पदरात पडली. पट्ट्या बांधणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे, स्ट्रेचर उचलणे हे सारे आम्ही मन लावून शिकविले होते. प्रत्यक्षात मुलांनी जे मोठ्याने विव्हळत होते त्यांना आधी आणले; बेशुद्धाची भूमिका करणारा, निपचित पडलेला तरुण सर्वांत शेवटी आला. उपचार शिकविले, क्रम शिकविला नव्हता. आता क्रमाचाच धडा पहिला असतो. जे चालू शकतात त्यांना हाक मारून बाजूला घ्यावे; त्यांना हिरवी खूण. उरलेल्यांत ज्याचा श्वास मिनिटाला तीसहून अधिक, मनगटाची नाडी लागत नाही, किंवा ‘माझा हात दाबा’ एवढेही ज्याला उमगत नाही, त्याला लाल. बाकीचे पिवळे. श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास सुरू होत नाही, त्याला काळी खूण करून पुढे जायचे.

हे शेवटचे वाक्य शिकविणे सर्वांत अवघड. एका वर्गात एका शिक्षिकाबाईंनी विचारले, “डॉक्टर, तिथे माझाच मुलगा असला तर?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही स्वयंसेवकांच्या जोड्या करतो व शक्यतो एकाच घरची माणसे एका जोडीत ठेवीत नाही. छोट्या गावात हा उपाय अपुराच आहे, हे आम्ही जाणतो.

तुळईखाली कित्येक तास पाय अडकलेल्या माणसाविषयी मात्र थोडे थांबून सांगावे लागते. दाब एकदम हटला की चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम व अन्य द्रव्ये रक्तात मिसळतात. बोलताबोलता हृदय बंद पडू शकते, पुढे मूत्रपिंडेही निकामी होतात. अशा वेळी डॉक्टर पोहोचण्याजोगे असतील तर आधी शिरेतून सलाईन, मग सुटका. अडकून काहीच मिनिटे झाली असतील तर थांबण्याचे कारण नाही.

पुराचा पाठ वेगळा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली नाव उलटली आणि अनेकांचा अंत झाला. नावेत किती जण बसणार, हे काठावरील एकानेच ठरवावे आणि रडारड झाली तरी मोडू नये, हे आम्ही वारंवार बजावतो. पुरात साप घरांत शिरतात. दंशावर चिरा घेऊ नयेत, करकचून दोरी बांधू नये, विष चोखू नये. अवयव हाड मोडल्याप्रमाणे स्थिर ठेवून प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठावे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली, तेव्हा निवडलेल्या ३० जिल्ह्यांत प्रत्येकी २०० स्वयंसेवकांचे उद्दिष्ट होते. संख्येइतकीच उजळणीही महत्त्वाची, असे आमचे मत आहे. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे वर्गात सर्वांना जमते. सहा महिन्यांनी त्याच हातांचा दाब उथळ पडू लागतो. देणगीदारांच्या साहाय्याने घेतलेला सरावाचा पुतळा म्हणूनच कपाटात ठेवलेला नाही. तो गावोगाव फिरतो, आणि मृगापूर्वी प्रत्येक गावी एकदा तरी पोहोचावा असा आमचा प्रयत्न असतो.